कथेचा प्रारंभ आणि शाळेतील कथालेखन

राज्य मंडळाच्या दहावीच्या मराठी प्रथम भाषेच्या अभ्यासक्रमात उपयोजित लेखन, म्हणजे प्रत्यक्ष व्यवहारात उपयोगी पडणारे लेखन, या विभागात पत्र, जाहिरात आणि बातमी यांच्याबरोबर कथालेखनालाही स्थान आहे. मात्र मुद्द्यांवरून कथा लिहिताना नागपूरचा विद्यार्थी असो की कोकणातला, बहुतेकांची लेखणी एका गावातल्या गरीब पण प्रामाणिक मुलापासूनच चालू लागते. या वाक्यात व्याकरणाचा दोष नाही. दोष हा, की मुलगा प्रामाणिक आहे हा निवाडा पहिल्याच ओळीत दिल्यामुळे पुढे त्याला पैशांचे पाकीट सापडले तरी तो ते परत करणार हे वाचकाला आधीच कळलेले असते.

‘आटपाट नगर होतं’ हा कहाण्यांचा ठरीव आरंभ मात्र याच मापाने मोजणे अन्यायाचे आहे, कारण तो ऐकणाऱ्यांसाठी होता आणि समोर बसलेल्यांचे कान गोळा करणे, रोजच्या जगातून त्यांना गोष्टीच्या जगात आणणे हे काम तो चोख करीत असे. विदर्भाला तर यापेक्षाही मोलाचा वारसा लाभलेला आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टांत केसोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त संकलित केले, आणि त्यांत सूत्र म्हणजे मूळ वचन, दृष्टांत म्हणजे छोटी गोष्ट व दार्ष्टांतिक म्हणजे त्या गोष्टीचा उलगडा अशी मांडणी केली. जन्मांधांनी हत्ती चाचपल्याच्या दृष्टांतात ते आंधळे कुठले, त्यांची नावे काय, याचा पाल्हाळ नाही. हात हत्तीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. जे गोष्टीला लागत नाही ते आरंभी सांगू नये, हे नागपुरातील शिक्षकाला इतक्या जवळच्या ग्रंथातून दाखवता येते.

छापील कथेत पुढे ना. सी. फडके यांनी तंत्रावर, म्हणजे प्रारंभ, गुंतागुंत आणि शेवट यांच्या जाणीवपूर्वक रचनेवर, भर दिला. स्वातंत्र्याच्या सुमारास गंगाधर गाडगीळ, व्यंकटेश माडगूळकर आदींच्या नवकथेने ती चौकट सैल केली. नागपूर जिल्ह्यातील नरखेडला जन्मलेले वामन चोरघडे यांच्या भावगर्भ लघुकथाही वर्गात प्रारंभापुरत्या वाचून थांबावे आणि पुढे काय होईल ते मुलांना विचारावे, इतका साधा पाठही पुष्कळ शिकवून जातो.

तरीही खरी शिकवण लिहून पाहण्यातच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा भरतो आणि मुले सजवलेले, चाकांवर चालणारे लाकडी बैल मिरवतात. ‘तान्हा पोळा हा मुलांचा आवडता सण आहे’ असा आरंभ केला तर तो निबंध होतो. पण ‘बैल सजवून झाला, तोरणाखाली मुले जमू लागली, आणि तेवढ्यात गोट्याच्या लक्षात आले की बैलाचे एक चाक नाही’ असे लिहिले, तर सण, वेळ, पात्र आणि अडचण ही सारी एका वाक्यात येतात, शिवाय चाक कुठे गेले हा प्रश्न वाचकाच्या मनात रुजतो. या प्रश्नालाच कुतूहल म्हणतात, आणि ते भडक घटनेने नव्हे तर नेमक्या उणिवेने जागे होते. म्हणूनच स्फोटाने, अपघाताने किंवा स्वप्नातून दचकून उठण्याने कथा सुरू करण्याचा मुलांचा मोह शिक्षकाने प्रेमाने पण ठामपणे आवरायला हवा. आरंभ आधी सुचलाच पाहिजे असेही नाही. कथा कुठे वळते हे ठरल्यावर पहिले वाक्य पुन्हा लिहिण्याची मुभा आणि वेळ वर्गात मिळाली पाहिजे.

अडचण परीक्षेची आहे. शीर्षक, दिलेले मुद्दे आणि तात्पर्य, म्हणजे कथेतून निघणारा बोध, यांवरच लक्ष राहिले की तो बोध शेवटून सरकत पहिल्या ओळीत येऊन बसतो आणि नायक जन्मतःच प्रामाणिक ठरतो. निदान घटक चाचणीत तरी तात्पर्य न मागता केवळ पहिली तीन वाक्ये लिहायला सांगून त्यांनाच गुण द्यावेत. त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहावी लागत नाही.