हात हलतो, पण वापरला जातो का?

अर्धांगवायूनंतर हात किती सुधारला, हे बहुधा दवाखान्यातच तपासले जाते. रुग्ण पेला उचलतो, तपासणारे गुण देतात. पण घरी तोच हात पेल्याकडे जातो का? हे जाणण्यासाठी संशोधक जी दोन साधने वापरतात, ती आपण समजून घेऊ.

पहिले साधन व्हिडिओ. त्यावरून संगणक सांध्यांचे कोन काढतो. पूर्वी यासाठी अंगावर खुणा चिकटवून खास प्रयोगशाळेत चित्रण करावे लागे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२३ सालच्या 'ओपनकॅप' पद्धतीत दोन स्मार्टफोन पुरतात. हालचाल कशी होते, हे त्यातून कळते.

दुसरे साधन सेन्सर. घड्याळासारखे ते दोन्ही मनगटांना बांधतात. दिवसभरात कोणता हात किती हलला, याची नोंद होते. निरोगी माणसाचे दोन्ही हात जवळपास सारखेच तास वापरात असतात. मात्र चालताना नुसता झुललेला हातही त्यात मोजला जातो, म्हणून दोन्ही साधने एकमेकांना पूरक आहेत.

अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांचा २०१७ सालचा अभ्यास विचार करायला लावतो. सरावाने दवाखान्यातील गुण वाढले, पण दैनंदिन जीवनात हाताचा वापर वाढला नाही.

तथागतांचा धम्म 'एहि पस्सिको' आहे: या, स्वतः पाहा. हीच दृष्टी येथेही हवी. घरच्या रुग्णाचा दुबळा हात दिवसभरात कशाकशाला लागतो, ते आपण पाहावे. झेपेल ते काम मायेपोटी आपणच उरकू नये. विद्यार्थ्यांनीही या शास्त्राकडे वळावे, ही सदिच्छा.