गाण्यात राहिले ते आठवले, आजीचे नाव मात्र राहून गेले

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली, हे आपल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. त्याच परिषदेला आलेल्या महिलांसमोर बाबासाहेबांनी वेगळे भाषण केले होते. त्या महिला कोण होत्या, असे विचारले तर मात्र आपण गप्प होतो. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद झाली. तिथे जमलेल्या हजारो महिलांपैकी दोन-चार नावेच आपल्यापर्यंत पोहोचली.

इतिहास आपोआप टिकत नाही. कुणीतरी तो सांगावा, गावा किंवा लिहावा लागतो. आपल्याकडे लिहिणारे हात कमी होते, तेव्हा हे काम कलेने केले. भीमराव कर्डकांचा जलसा, वामनदादांची गाणी गावोगाव गेली आणि अक्षरओळख नसलेल्यांनाही चळवळ कळली. बायांनी जात्यावर भीमरायाच्या, रमाईच्या ओव्या गायल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पात गोळा झालेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांत त्याही आहेत.

पण गाण्यात नेता राहिला आणि समोरची माणसे 'जनता' झाली. त्यातही बायका मागे पडल्या. कधी तर घरच घरातली गोष्ट दाबते. बेबीताई कांबळे यांना 'जिणं आमुचं' घरच्यांपासून लपवून लिहावे लागले.

ही उणीव ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ओळखली. चळवळीतल्या महिलांना शोधून त्यांनी आठवणी नोंदवल्या. १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आले. त्या विचारायला गेल्या नसत्या, तर यातल्या कितीतरी आठवणी त्या बायांबरोबरच गेल्या असत्या.

१४ ऑक्टोबर १९५६ ला आईचे बोट धरून नागपूरला गेलेली मुलगी आज ऐंशीच्या आसपास आहे. तिला फक्त 'बाबासाहेबांना पाहिलेस का?' एवढेच विचारू नका. दीक्षेला कशाने गेलात, भाकरी कुणी बांधून दिली, घरातले देव कुणी काढले, गावातले लोक काय म्हणाले, हेही विचारा. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा. नाव, गाव, साल लिहून ठेवा. आणि जयंतीच्या गाण्यांत, विहाराच्या भिंतीवरच्या चित्रांत ही नावे येऊ द्या. पुढची पिढी तिथूनच इतिहास शिकणार आहे.