कार्ड आहे, गाडीभाडं नाही

शहापूर तालुक्यात डोळखांबपलीकडच्या एखाद्या पाड्यावर कुणी तापानं फणफणलं, की घरातली माणसं आधी गाडी शोधतात. डॉक्टर नंतर.

कागदावर या भागातलं एकही कुटुंब आता विम्याबाहेर नाही. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावानं सुरू झालेली, २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं चालणारी योजना २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं राज्यात सर्वांना खुली झाली. दीड लाखाचं संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांवर गेलं. तेव्हाच्या यादीत १,३५६ उपचार होते, पण ते मुख्यतः दवाखान्यात दाखल झाल्यावरचे. खासगी डॉक्टरकडे तापखोकला, रक्तदाबाच्या गोळ्या, सुई नि सलाईन यांचे पैसे पदरचेच. इथल्या कातकरी आदिवासी कुटुंबांच्या पदरी काही नसतं. मग वीटभट्टीच्या शेठकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतरचा हंगाम ती फेडण्यात घालवायचा. पाच लाखांच्या विम्याला हे दोन-पाच हजार दिसतच नाहीत.

शहापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे, शेजारच्या मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. गुंतागुंत दिसली की तिथून पुढे ठाणे, कळवा. १०८ ची रुग्णवाहिका फुकट नेते. सोबतच्याचं भाडं नि जेवण, बुडालेली मजुरी कोण देणार? बाळंतिणीला आणि आजारी तान्ह्या बाळाला घरी सोडण्याची सोय आहे, योजनेखाली दाखल झालेल्या रुग्णाला परतीचं भाडं नियमानं मिळतं; बाकीच्यांना नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या पाचशे खाटांच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. ठाण्याचं जिल्हा रुग्णालय तेव्हा पुनर्बांधणीसाठी हलवलेलं, त्यामुळे ग्रामीण भागातल्या रुग्णांचा भारही इथेच. काहींना अगदी शेवटच्या घटकेला आणलं होतं, असं प्रशासनानं सांगितलं. ते खरंही असेल. पण उशीर कुठे झाला, हे विचारायला हवं होतं. त्याच आठवड्यात, १५ ऑगस्टपासून, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. कळव्याचं रुग्णालय महापालिकेचं, म्हणून त्या निर्णयाबाहेर!

माझ्या मते जाण्यायेण्याचा पूर्ण खर्च आणि बुडालेला रोज योजनेत धरल्याशिवाय संरक्षणाची रक्कम वाढवून पाड्यावर फरक पडणार नाही. तोवर एक काम आपल्या हातचं आहे. मुरबाड-शहापुरात तुमचं फार्महाउस असेल, तर तिथल्या राखणदाराच्या रेशनकार्डावरची आणि आधारवरची नावं जुळतात का ते पाहा, या योजनेसाठी लागणारं आयुष्मान कार्ड काढून द्या. योजनेची मदतवाहिनी १५५३८८.