शेकाट्याचा गुडघा खरंच उलटा असतो का?

येरवड्याच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याकडे गेलात, तर मुळा-मुठेच्या उथळ पाण्यातला शेकाट्या नीट बघा. काडीसारखे गुलाबी पाय, आणि गुडघा चक्क मागे वाकतो! पण तो गुडघा नाहीच, घोटा आहे. खरा गुडघा वर पोटाजवळ पिसांत लपलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. घोट्याखालची लांब काडी म्हणजे जुळून एक झालेली तळपायाची हाडं. थोडक्यात, स्वारी आयुष्यभर चवड्यांवर चालते.

वहीत मात्र ‘गुडघा मागे वाकतो’ असं लिहू नका. ‘दिसणारा सांधा मागे वाकतो’ एवढंच लिहा. नाव सांगाडा पाहून द्या. नाहीतर तळपाय मोजून तक्त्यात नडगी म्हणून भराल, आणि दुसऱ्या पक्ष्यांशी केलेली सगळी तुलना वाया जाईल.