वादसभेतील मानकरी

शाळेच्या सभागृहात वादविवादाचा सामना संपतो, परीक्षक निकाल सांगतात आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. विजेत्यांच्या हाती ढाल येते, दुसऱ्या दिवशी फलकावर त्यांची नावे झळकतात. हे योग्यच आहे. परंतु त्याच विषयावर तितक्याच रात्री जागून तयारी केलेले आणि एका मताने मागे पडलेले विद्यार्थीही असतात. त्यांच्याकडून तीच भाषणे पुनःपुन्हा करवून घेणारे शिक्षक असतात. आपली सुटी खर्चून घड्याळाकडे लक्ष ठेवीत बसलेला कोणी गृहस्थ असतो. या साऱ्यांचा मान कसा राखावयाचा? अमेरिकेतील एका अध्यापकाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न हाती घेतला आणि त्यासाठी चक्क एक हिशेब मांडला.

विस्कॉन्सिन राज्यात रिपन नावाचे लहानसे गाव आहे. तेथील महाविद्यालयात ब्रुनो जेकब हे अध्यापक होते. महाविद्यालयीन वक्त्यांचा गौरव करणारी एक संस्था १९१३ साली स्थापन झाली, तिच्या उभारणीत त्यांनी विद्यार्थिदशेतच पुढाकार घेतला होता. पुढे त्यांना पत्राने विचारणा झाली, की शाळकरी वक्त्यांसाठी अशी एखादी संस्था आहे काय? तशी संस्था नव्हती. तेव्हा १९२५ साली जेकब यांनी ती स्वतःच काढली आणि तिला 'नॅशनल फोरेन्सिक लीग' असे नाव दिले. 'फोरेन्सिक' हा शब्द प्राचीन रोममधील 'फोरम' या चौकावरून आला. तेथे न्यायनिवाडे होत व वक्ते आपली बाजू मांडीत. पुढे या शब्दाने लोकांना वक्त्यांपेक्षा गुन्ह्यांच्या तपासाचीच आठवण होऊ लागली. २०१४ साली संस्थेने 'नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशन' हे नवे नाव घेतले.

या संस्थेची पद्धत मोठी विचार करण्याजोगी आहे. वादाच्या एका फेरीत जो विद्यार्थी जिंकतो त्याला सहा गुण मिळतात. जो हरतो त्याला शून्य मिळत नाही, त्याला तीन गुण मिळतात. हे गुण साठत जातात आणि पंचवीस गुण झाले की पहिली पदवी प्राप्त होते. आता असा एक मुलगा डोळ्यांपुढे आणावा, की जो ओळीने नऊ फेऱ्या हरला. त्याच्या नावावर सत्तावीस गुण जमलेले असतात! एकही विजय न मिळविता तो पहिल्या पदवीचा मानकरी ठरतो. काहींना ही उधळपट्टी वाटेल. पण नऊ वेळा अनोळखी श्रोत्यांपुढे उभे राहणे आणि प्रतिपक्षाचे मुद्दे ऐकून घेऊन त्यांना जागच्या जागी उत्तरे देणे, हे काम मुळीच फुकट गेलेले नसते. त्याची कोठेतरी नोंद व्हावयासच हवी होती.

शिक्षकांचा हिशेब याहून मौजेचा आहे. विद्यार्थ्याने जेवढे गुण मिळविले त्यांचा दहावा हिस्सा त्याच्या मार्गदर्शकाच्या खाती मांडला जातो. असे दीड हजार गुण जमले आणि संस्थेत किमान पाच वर्षे झाली, की त्या शिक्षकाला 'पहिला हिरा' दिला जातो. दीड हजार म्हणजे विद्यार्थ्यांचे पंधरा हजार गुण! केवळ वादातील विजयांवर ते मिळवावयाचे, तर एकेका विद्यार्थ्याचे मिळून अडीच हजार विजय लागतात. केवळ पराभवांवर मिळवावयाचे, तर पाच हजार पराभव. अर्थात कोणाही शिक्षकाच्या हिऱ्यात या दोहोंची सरमिसळ असते. या पद्धतीत एक उणेपणाही आहे. ज्या शाळेत शंभर मुले वादसभेला येतात तेथे गुण भराभर साठतात. जेथे चारच येतात तेथील शिक्षक तितकाच झटला, तरी त्याचा हिरा लांबच राहतो.

कोणत्याही हिशेबात न बसणारा एक गौरव मात्र इतिहासात नमूद आहे. १९३० साली टेक्सास राज्यातील ह्यूस्टन येथील सॅम ह्यूस्टन शाळेत लिंडन जॉन्सन नावाचा तरुण शिक्षक वक्तृत्व शिकविण्यास आला. त्याने ल्यूथर जोन्स व जीन लॅटिमर या दोन मुलांची जोडी तयार केली आणि सरावासाठी त्यांना गावोगाव नेले. जोडीने शहरात व जिल्ह्यात विजय मिळविला आणि १९३१ साली ऑस्टिन येथे राज्याच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. तेथे पाच परीक्षकांपैकी तिघांनी प्रतिपक्षाच्या बाजूने मत दिले. एका मताने करंडक गेला. त्याच वर्षी जॉन्सन एका लोकप्रतिनिधीचे चिटणीस होऊन वॉशिंग्टनला गेले. पुढे कचेरीत भरवशाची माणसे हवी झाली, तेव्हा त्यांनी याच दोन हरलेल्या वक्त्यांना बोलावून घेतले. हेच जॉन्सन १९६३ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

राहता राहिले स्वयंसेवक. त्यांचे मोल किती, हे अटलांटा शहरात दिसून आले. प्रवासाचा व स्पर्धांचा खर्च न पेलल्यामुळे गरीब वस्त्यांतील शाळा वादविवादापासून दूर पडल्या होत्या. १९८५ साली एमरी विद्यापीठातील मेलिसा वेड यांनी त्या शाळांसाठी कार्य सुरू केले आणि विद्यापीठातील तरुण वक्ते तेथील मुलांना शिकविण्यास जाऊ लागले. पुढे न्यूयॉर्क, शिकागो आदी शहरांतही अशी मंडळे निघाली. विद्यार्थी व शिक्षक यांच्या जोडीने स्वयंसेवकांचाही सत्कार करण्याची प्रथा अशा मंडळांत आढळते.

तरीही बहुतेक स्वयंसेवकांचे नाव कोणी पुकारीत नाही. शाळांच्या स्पर्धांत पुष्कळदा मुलांचे पालक, माजी विद्यार्थी किंवा गावातील नागरिकच परीक्षक म्हणून बसतात. दिवसभर एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाऊन ते भाषणे ऐकतात आणि प्रत्येक फेरीनंतर निर्णयपत्रिका भरतात. कोण जिंकले एवढेच लिहून त्यांना थांबता येत नाही. आपण तसा निर्णय का दिला, कोणता मुद्दा पटला, कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे राहून गेले, हेही ते लिहितात. संध्याकाळी परीक्षक घरी निघून जातात. मुले त्या पत्रिका वाचू लागतात. आणि त्या सर्वांत बारकाईने वाचणारा बहुधा हरलेला वक्ताच असतो.