विरार लोकलमधला वर्ग

विरार लोकलमध्ये नीट उभं राहता आलं की मोबाइलवर आयआयटीचे प्राध्यापक शिकवू लागतात. नायगाव-भाईंदरदरम्यानच्या खाडीपुलावर रेंज घसरली तरी व्याख्यान सहसा अडत नाही. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत साठवलेला असतो. रेंज कमी झाली की ॲप हलका तुकडा मागवतं. फळ्यावरचं समीकरण धूसर होतं, आवाज मात्र चालू राहतो. पुढचे काही तुकडे आधीच उतरवलेले असतात.

अशी व्याख्यानं देणारा आयआयटींचा एनपीटेल उपक्रम २००३ पासून, तर केंद्र सरकारचा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मंच ‘स्वयम्’ २०१७ पासून सुरू आहे. शिकणं मोफत, परीक्षेला शुल्क. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२१च्या नियमांनुसार सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून घेता येतात. रोजचे प्रवासाचे तास सोसणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे. नाव नोंदवण्याआधी श्रेयांक मिळतील का, हे महाविद्यालयात जरूर विचारा.