सेकंड जनरेशनचं मशीन

लग्नाच्या व्हिडिओंवर चालणाऱ्या जुन्या स्टुडिओंत टेबलाखाली हमखास एक काळं कॅबिनेट असतं. बाजूचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं, आणि उन्हाळ्यात समोर टेबलफॅन. आत काय आहे विचारलं की मालक सांगतो, 'सेकंड जनरेशनचा आय-सेव्हन.' म्हणजे जानेवारी २०११ मध्ये बाजारात आलेला इंटेलचा कोअर आय७-२६००. चार कोअर, आठ थ्रेड, ३.४ गिगाहर्ट्झ. मिनी-डीव्हीच्या कॅसेटी अडगळीत जाऊन मेमरी कार्डावर फुल एचडी येऊ लागलं, त्या काळात या चिपने एडिटरांचं भलं केलं. कितीतरी लग्नं, बारशी आणि साठीशांती तिच्यातून रेंडर होऊन बाहेर पडली.

तिचा जन्म मात्र सुखाचा नव्हता. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने जाहीर केलं, की या प्रोसेसरसोबतच्या चिपसेटमध्ये दोष आहे आणि हार्डडिस्कचे काही पोर्ट कालांतराने कमजोर पडतील. ते निस्तरायला सुमारे ७० कोटी डॉलर लागतील, असा कंपनीचाच अंदाज होता. सुधारलेले बोर्ड पुढे आले, पण पोर्टांची एक गंमत त्यांतही राहिली. चिपसेटच्या सहा साटा पोर्टांपैकी दोनच सहा गिगाबिटचे, उरलेले चार तीनचे. आज त्यात एसएसडी बसवताना केबल चुकीच्या पोर्टात गेली तर वेग निम्म्यावर येतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, 'एसएसडी टाकूनही विशेष फरक नाही.'

मशीन दुरुस्तीच्या दुकानात येतं ते ठरलेल्या वाक्यासोबत: 'दादा, स्लो झालंय, फॉरमॅट मारून द्या ना.' फॉरमॅटने आठवडाभर बरं वाटतं, एवढाच माझा अनुभव. जाणता कारागीर आधी त्याच माणसाला त्याचाच अडलेला प्रोजेक्ट उघडायला लावतो, शेजारी टास्क मॅनेजर ठेवतो आणि टाइमलाइन चालवतो. डिस्क शंभर टक्के आणि प्रोसेसर वीसवर, तर प्रोसेसरला दोष देण्यात अर्थ नाही. रॅम काठोकाठ भरली असेल तर विंडोज हार्डडिस्कवर उसनवारी करतंय. प्रोसेसर शंभरवर आणि गिगाहर्ट्झचा आकडा खाली घसरतोय, तर तो तापलाय. तीन दुखणी वेगळी, गिऱ्हाइकाच्या तोंडी शब्द एकच.

डिस्कचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे एका फ्रेमला ४० मिलिसेकंद. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका जागेवरून दुसरीकडे जायला दहाएक मिलिसेकंद लागतात. मंगलाष्टकांचं तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम लावलं की वाचायला सुरुवात होण्याआधीच तीस गेले. हिशेब ढोबळ आहे, सॉफ्टवेअर थोडं पुढचं वाचून ठेवतं. पण त्याच डिस्कवर विंडोज, कॅशे आणि एक्स्पोर्टही असेल तर ते कुठवर पुरणार? विंडोज आणि कॅशेला एक लहान एसएसडी आणि फुटेजला वेगळी डिस्क, एवढ्यानेच मशीन ओळखू येत नाही. जुन्या डिस्कच्या तपासणीत 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर'चा आकडा वाढलेला दिसला तर मात्र आधी कॉपी, मग दुरुस्ती. कुणाचंही लग्न पुन्हा शूट करता येत नाही.

तापण्याचं काम हाताचं. पंखा काढला की खालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांवर धुळीची गोधडी पसरलेली असते, आणि हवा वरच्या वर फिरून परत जाते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग जातं. हीटसिंक उचलण्याआधी मशीन पाच-दहा मिनिटं चालू ठेवून मग बंद करायचं, म्हणजे सुकलेली पेस्ट सैल पडते. जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसायची, नवी तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. मग चार प्लास्टिकच्या पिना, समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या. 'टक' आवाज चारही वेळा आला पाहिजे. एक पिन जरी अर्धवट राहिली तरी हीटसिंक एका बाजूने उचललेला राहतो आणि सगळी मेहनत वाया. झाकण काढून टेबलफॅन लावण्याची पद्धत मला पटत नाही. त्याने आतल्या हवेची वाट मोडते आणि धूळ दुपटीने बसते.

एवढं करूनही काही प्रोजेक्ट अडतातच, आणि तिथे दोष मशीनचा नसतो. कॅमेरा बदललेला असतो. आजचे बरेच कॅमेरे आणि मोबाइल एच.२६५ मध्ये रेकॉर्ड करतात. त्यात पूर्ण फ्रेम अधूनमधूनच असते, बाकीच्या फ्रेमांत फक्त काय बदललं त्याची नोंद. टाइमलाइनच्या मध्येच क्लिक केलं की कॉम्प्युटरला मागच्या पूर्ण फ्रेमपर्यंत जाऊन तिथून एकेक फ्रेम उभी करत यावं लागतं. एच.२६५ चं मानक ठरलं २०१३ मध्ये, आपली चिप २०११ ची. तिच्यातल्या 'क्विक सिंक' या व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाला एच.२६४ येतं, एच.२६५ येत नाही. त्यातही ज्यांनी पी६७ चिपसेटचा बोर्ड घेतला, त्यांना क्विक सिंक कधी वापरताच आलं नाही, कारण त्या बोर्डावर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स बंदच असतं.

मग कुणीतरी ग्राफिक्स कार्ड सुचवतं. मोबाइलच्या फुटेजला जीटीएक्स १०५० सारखं जुनं कार्डही खरंच कामाला येतं. पण कॅमेरा टेन-बिट ४:२:२ वर लावला असेल, तर ते फुटेज एनव्हीडियाची कार्डं २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपर्यंत स्वतः उलगडत नव्हती. असं महागडं कार्ड घेऊन हिरमुसलेले लोक मी पाहिलेत.

त्यावर इलाज प्रॉक्सी. रात्री स्टुडिओ बंद करताना सगळं फुटेज हलक्या प्रतींवर लावून जायचं. प्रोरेस प्रॉक्सी फुल एचडीत तासाला साधारण १७ जीबी घेतं, पण प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असल्याने टाइमलाइन लोण्यासारखी सरकते. शेवटच्या एक्स्पोर्टला सॉफ्टवेअर मूळ फुटेज उचलतं. तो एक्स्पोर्ट या मशीनवर रात्रभर चालेल, त्याला उपाय नाही.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे किमान आठव्या जनरेशनचा इंटेल लागतो, प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या अलीकडच्या आवृत्त्या सहाव्याच्या खालचं मोजत नाहीत. म्हणून शहाणे एडिटर या मशीनचं इंटरनेट काढून टाकतात आणि चालतंय ते जुनं सॉफ्टवेअर तसंच ठेवतात. नवं मशीन आलं तरी जुनं भंगारात जात नाही, कार्ड कॉपी करायला कोपऱ्यात बसतं. तेवढ्यासाठी मागचे निळे यूएसबी पोर्ट तपासून घ्यावेत. त्या चिपसेटमध्ये यूएसबी ३ नव्हतंच. बोर्ड बनवणाऱ्याने वेगळी चिप लावली असेल तरच ते असतात. नसतील तर लॅमिंग्टन रोडसारख्या कॉम्प्युटर बाजारात यूएसबी ३ चं छोटं कार्ड मिळतं.